दैवाचा दाखला

१८३२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जॉर्जिया राज्याची तत्कालीन राजधानी मिलेजव्हिल येथे सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मोठी पिंपे फिरविली जात होती आणि त्यांतून चिठ्ठ्या काढून जमिनीचे वाटप चालले होते. साधी जमीन १६० एकरांच्या तुकड्यांनी आणि सोने सापडण्याचा संभव असलेली जमीन ४० एकरांच्या तुकड्यांनी मोजून ठेवली होती. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे तो त्या तुकड्याचा मालक होई. ही जमीन ओसाड नव्हती. तिच्यावर तेथील मूळ रहिवासी असलेल्या चेरोकी लोकांची घरे, मक्याची शेते, फळबागा आणि पिठाच्या गिरण्या उभ्या होत्या, आणि त्यांनी ती कोणास विकली नव्हती. त्याच गावच्या तुरुंगात सॅम्युएल वूस्टर आणि एलायझर बटलर हे दोन ख्रिस्ती मिशनरी एक वर्षाहून अधिक काळ सक्तमजुरीची शिक्षा भोगीत होते. चेरोकींच्या मुलखात राहायचे तर जॉर्जियाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन परवाना काढला पाहिजे, असा कायदा राज्याने केला होता आणि ती शपथ घेण्याचे या दोघांनी नाकारले होते. जॉर्जियाचा कायदा चेरोकींच्या मुलखात लागूच होत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ३ मार्च रोजी दिला होता. तरीही पिंपे फिरत होती आणि तुरुंगाचे दार बंदच होते.

या प्रसंगाकडे राजकीय इतिहास म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यात एक धर्मविषयक प्रश्न दिसतो, आणि तो अमेरिकेपुरता मर्यादित नाही. जगाचा कारभार ईश्वराच्या हाती आहे, त्याच्या योजनेवाचून काहीही घडत नाही, अशी ज्यांची मनोभावे श्रद्धा आहे त्यांना बलवान माणूस जेव्हा सांगतो की, ‘दुर्बलांची भूमी माझ्याकडे येणे हे विधिलिखितच आहे, तुम्ही ते टाळू शकत नाही,’ तेव्हा त्यांनी काय उत्तर द्यावे? नास्तिकाला उत्तर सोपे आहे. योजनाच नाही म्हणून तो मोकळा होतो. आस्तिकाला ती वाट बंद असते, कारण योजना आहे हे त्याने आधीच मान्य केलेले असते.

अँड्र्यू जॅक्सन यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने १८३० सालच्या डिसेंबरात काँग्रेसला धाडलेल्या संदेशात हा युक्तिवाद संथ आणि सहृदय भाषेत मांडला आहे. एक जमात नाहीशी होते आणि दुसरी तिची जागा घेते, हे पाहून मनाला क्लेश होतात, परंतु एका पिढीने दुसरीस वाट करून देण्यासारखेच ते आहे. आणि नगरे व समृद्ध शेते यांनी गजबजलेला हा देश पुन्हा काही हजार रानटी लोकांचे अरण्य व्हावा असे कोणता सज्जन इच्छील, असा त्याचा आशय. या विवेचनातून कर्ता लुप्त झालेला आहे. जमाती नाहीशा होतात. त्यांना नाहीसे करणारा कोणी नाही. वास्तविक या विधिलिखिताला तारीख होती आणि त्यावर सह्याही होत्या. १८०२ साली केंद्र सरकारने जॉर्जियाशी करारनामा केला. जॉर्जियाने आपला पश्चिमेकडील विस्तीर्ण मुलूख सोडून द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यात साडेबारा लाख डॉलर घ्यावेत व राज्याच्या हद्दीतील मूळ रहिवाशांचे जमिनीवरील हक्क सरकारने यथावकाश संपवून द्यावेत, असे त्यात ठरले. ज्यांचे हक्क संपवावयाचे त्यांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. पुढच्याच वर्षी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरांना लुइझियानाचा प्रचंड प्रदेश विकत घेतला गेला आणि पूर्वेकडील लोकांना हुसकून नेऊन ठेवण्यास जागाही मिळाली.

युद्धाची गोष्टही अशीच. १८१४ सालच्या मार्च महिन्यात टॅलापूसा नदीच्या नालाकृती वळणावर जॅक्सन यांनी क्रीक लोकांतील लढाऊ पक्षाचा निःपात केला. त्या दिवशी चेरोकी योद्धे जॅक्सन यांच्या बाजूने लढत होते. त्यांतल्या काहींनी थंडगार पाण्यात उड्या टाकून पलीकडच्या काठाच्या होड्या पळवून आणल्या, त्यांतून आपली माणसे पार नेली आणि शत्रूच्या पिछाडीवर हल्ला चढविला. तटबंदीपुढे अडलेल्या जॅक्सन यांच्या फौजेला त्यामुळे मोठे साहाय्य झाले. त्या युद्धानंतरच्या तहात जी सुमारे सव्वादोन कोटी एकर भूमी काढून घेतली गेली, तीत शत्रुपक्षाच्या क्रीकांप्रमाणे मित्रपक्षाच्या क्रीकांचीही होती. हे पाहूनही चेरोकींनी सोळा वर्षे तहनाम्यांवर विश्वास ठेवला, हे मला त्यांच्या भोळेपणाचे नव्हे तर त्यांच्या धर्मबुद्धीचे लक्षण वाटते.

दुसरा युक्तिवाद वॅटेलसारख्या विधिवेत्त्यांच्या आधारे केला जाई: परमेश्वराने पृथ्वी कसण्यासाठी दिली आहे; जे शिकारीवर जगतात त्यांचा तिच्यावरील हक्क कसणाऱ्यांच्या हक्कापुढे टिकत नाही. चेरोकींनी हा निकष स्वीकारला असता तरी त्यांचे काही बिघडत नव्हते. ते नांगर धरीत होते, त्यांच्या स्त्रिया मागावर कापड विणीत होत्या. सिक्वोया नावाच्या एका कारागिराने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, वर्षानुवर्षे खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेचे ध्वनी टिपणारी ऐंशीहून अधिक अक्षरांची लिपी निर्माण केली आणि काही वर्षांतच तो समाज साक्षर होऊ लागला. १८२७ साली त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ सालच्या फेब्रुवारीत न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र निघाले. त्यासाठी नव्या लिपीचे खिळे बोस्टनहून ओतवून आणले होते, आणि एकाच पानावर काही स्तंभ इंग्रजीत तर काही चेरोकीत छापलेले असत. पण नांगर, माग, घटना आणि छापखाना एवढे झाल्यावर जॉर्जियाने काय म्हटले? राज्याच्या पोटात दुसरे राज्य कसे चालेल? चेरोकी शेतकरी नव्हते तेव्हा शेतकरी नाहीत म्हणून जावेत. शेतकरी झाले तेव्हा ते आता कायमचेच राहतील म्हणून जावेत. कारण नष्ट झाले तरी निष्कर्ष जेथे जागचा हलत नाही, तेथे ते कारण मुळात कारण नव्हतेच, निमित्त होते, असे समजण्यास हरकत नाही.

आता आस्तिकाच्या उत्तराकडे वळू. ते उत्तर ज्याने सर्वांत परिश्रमपूर्वक दिले तो जेरेमाया एव्हर्ट्स हा पेशाने वकील होता आणि परदेशी मिशनांच्या अमेरिकन बोर्डाचा चिटणीस होता. हे बोर्ड मराठी वाचकाला परके नाही. १८१३ सालच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ज्या संस्थेचे प्रतिनिधी म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले, तीच ही संस्था. त्या वेळी इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झाले होते आणि कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचे हुकूमही काढले होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सौजन्यामुळे ते राहू शकले. पुढे अहमदनगरच्या मुलींच्या शाळा आणि ‘ज्ञानोदय’ हे त्याच मिशनचे कार्य. चेरोकींच्या मुलखातील ब्रेनर्ड येथील शाळाही याच बोर्डाने १८१७ साली काढली. १८२१ ते १८३१ या काळात चिटणीस म्हणून एव्हर्ट्सच्या हाती मुंबईचा पत्रव्यवहार होता, तसाच टेनेसी आणि जॉर्जियाचाही होता.

त्या इंग्लंड-अमेरिका युद्धाच्या काळातच अमेरिकेतील धर्मोपदेशकांची फाळणी झाली होती. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी १८१२ च्या ऑगस्टमधला एक दिवस उपवास-प्रार्थनेसाठी जाहीर केला, तेव्हा न्यू इंग्लंडमधील अनेक उपदेशकांनी हे युद्धच पाप आहे असे व्यासपीठावरून सांगितले, तर अन्यत्र इतरांनी त्याच बायबलच्या आधारे ईश्वर आपल्या पक्षाचा असल्याची ग्वाही दिली. ईश्वराची योजना ओळखल्याचा दावा किती स्वस्त होऊ शकतो, हे एव्हर्ट्सच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते.

एव्हर्ट्स आणि त्याचे सहकारी ज्या संप्रदायातले होते तो कॅल्व्हिनच्या परंपरेचा, म्हणजे ईश्वरी पूर्वनियोजनावर सर्वाधिक भर देणारा. असल्या संप्रदायातील माणसांनी दैवाचा दाखला निमूटपणे मान्य करावा अशी सहज अपेक्षा होईल. घडले उलट, आणि त्याचे कारण त्यांच्या शास्त्रातच होते. त्या शास्त्राने ईश्वराच्या गुप्त संकल्पात आणि त्याच्या प्रकट आज्ञेत फार पूर्वीच भेद केलेला आहे. पुढे काय व्हावयाचे हे त्याच्या संकल्पात असेल. परंतु तो संकल्प मनुष्याला वाचावयास दिलेला नाही, म्हणून त्यावरून मनुष्याने आपले वर्तन ठरवावयाचे नाही. मनुष्याला दिलेली आहे ती आज्ञा: शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको, दिलेला शब्द मोडू नको. आपल्याकडे योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला दैव म्हणजे आपलेच पूर्वीचे पौरुष असे समजावून सांगतात आणि समर्थांनी यत्नाला देवाच्या जागी बसविले, तो मार्ग निराळा. तेथे दैवाचाच अधिकार कमी केला जातो. कॅल्व्हिनच्या अनुयायाने दैवाचा अधिकार अणुमात्र कमी केला नाही. ते वाचल्याची बतावणी करण्याचा मनुष्याचा अधिकार तेवढा काढून घेतला.

१८२९ सालच्या उत्तरार्धात एव्हर्ट्सने विल्यम पेन या टोपणनावाने वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्रात चोवीस लेख लिहिले. त्यांत भावनेला आवाहन थोडे आणि तहनाम्यांची छाननी फार. १७८५ आणि १७९१ चे तह, त्यांतील कलमे, कोणाच्या सह्या, कोणती हमी, असा तो एकेक दस्तऐवज न्यायासनापुढे मांडावा तसा मांडीत जातो. मला ही पद्धत अत्यंत धार्मिक वाटते. ज्याला दैवाच्या धुक्यात सर्व काही विरघळवून टाकावयाचे असते त्याला तारखा आणि सह्या नकोशा असतात. ज्याला उत्तरदायित्व शोधावयाचे असते तो त्यांच्याचकडे वळतो. १८३० च्या एप्रिलमध्ये सिनेटर फ्रीलिंगहायझन यांनी तीन दिवसांत मिळून सुमारे सहा तास याच भूमिकेवरून भाषण केले. तरीही मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचे विधेयक सिनेटात २८ विरुद्ध १९ मतांनी संमत झाले आणि प्रतिनिधिगृहात अवघ्या पाच मतांच्या फरकाने, १०२ विरुद्ध ९७. जे अटळ म्हणून सांगितले जात होते, ते पाच मतांनी टळता टळता राहिले! एव्हर्ट्स पुढल्याच वर्षी मे महिन्यात वारला.

त्याची बाजू उचलून धरणारे दोघे मिलेजव्हिलच्या तुरुंगात होते. उन्हाळ्यात पकडले तेव्हा बटलरच्या गळ्यात साखळी अडकवून तिचे दुसरे टोक घोड्याच्या मानेला बांधले होते आणि रात्रीच्या अंधारात त्याला तसे चालविण्यात आले. वूस्टरची तान्ही मुलगी त्याच उन्हाळ्यात, तो अटक चुकविण्यासाठी घरापासून दूर असताना, वारली. शिक्षा झालेल्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी माफी स्वीकारली. या दोघांनी ती तुरुंगाच्या दाराशी नाकारली. त्यांच्या नकारातूनच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सरन्यायाधीश मार्शल यांचा निकाल मिळाला.

मग, १८३३ सालच्या जानेवारीत, दोघांनी तो नकार मागे घेतला. आधीच्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलायनाने केंद्राचे जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरविले होते. संघराज्य मोडते की काय अशी धास्ती पसरली होती, आणि जॉर्जियाही त्या गोटात जाऊ नये म्हणून तिला न दुखविणे सर्वांस इष्ट वाटत होते. वजनदार स्नेह्यांनी गळ घातली. बोस्टनमधील बोर्डाच्या समितीनेही खटला पुढे चालविण्यात आता लाभ नाही असा सल्ला दिला. दोघांनी गव्हर्नरला पत्र लिहिले. आपल्या पक्षाच्या न्याय्यतेविषयी आपले मत बदललेले नाही, असे त्यात होते. ते गव्हर्नरला झोंबले, म्हणून अनादराचा हेतू नव्हता असे सांगणारे दुसरे पत्र लिहावे लागले. १४ जानेवारीस ते सुटले.

या दोन सत्पुरुषांना दोष देताना माझी लेखणी अडखळते. यादवीची भीती खोटी नव्हती, हे तेव्हा नाही तरी सुमारे तीस वर्षांनंतर सिद्ध झालेच. तथापि त्यांनी जे केले त्याचे स्वरूप स्पष्टपणे पाहणे अवश्य आहे. ते तुरुंगात गेले तेव्हा विजयाचा हिशेब मांडून गेले नव्हते. शपथ घेणे अधर्म आहे, एवढेच त्यांनी पाहिले होते. बाहेर आले ते मात्र हिशेब मांडून. ‘आता काही साधणार नाही’ हे वाक्य, ज्याच्याशी एव्हर्ट्स जन्मभर झगडला, तेच त्याच्या समितीच्या तोंडून त्यांच्या कानी पडले आणि या वेळी त्यांना ते पटले. शिवाय खटला नावाने त्यांचा असला तरी त्यातला दावा चेरोकींचा होता. आपले दुःख संपविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याचा दावा ज्या दुःखावर उभा आहे ते संपविताना मात्र त्या दुसऱ्याची संमती लागते, आणि ती येथे घेतली गेली नाही. मित्राच्या तोंडी आलेले अटळपणाचे भाकीत शत्रूच्या भाकितापेक्षा अधिक घातक ठरते, कारण ते मत्सराने किंवा लोभाने बोललेले नसते आणि म्हणून ऐकणाऱ्याला खरे वाटते.

सर्वांत अवघड प्रसंग एलायस बूडिनॉटचा. हा चेरोकी तरुण कनेटिकटमधील कॉर्नवॉल येथे बोर्डाच्याच शाळेत शिकला. तेथील हॅरिएट गोल्ड या मुलीशी त्याचा विवाह ठरला तेव्हा गावच्या धर्मनिष्ठ लोकांनी दोघांच्या प्रतिमा जाळल्या. विवाह झाला, पण ती शाळा लौकरच बंद पडली. ‘चेरोकी फिनिक्स’चा पहिला संपादक तोच. त्याने आरंभी स्थलांतराला कसून विरोध केला. परंतु १८३२ साली, निकाल कागदावरच राहणार हे दिसू लागल्यावर, त्याचे मत पालटले. विरोधी मते छापू देण्यास प्रमुख जॉन रॉस यांची संमती मिळेना, तेव्हा त्याने संपादकपद सोडले. १८३५ सालच्या डिसेंबरात न्यू इकोटा येथे त्याने आणि मूठभर सहकाऱ्यांनी देश सोडण्याचा तह केला. रॉस यांनी या तहाविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक नावांची दरखास्त वॉशिंग्टनला नेली. तरीही सिनेटने तो मंजूर केला; एक मत कमी पडते तर आवश्यक बहुमत झाले नसते.

बूडिनॉटचे म्हणणे असे होते की, सामान्य लोकांना परिस्थितीची खरी जाण नाही, म्हणून जाणत्या अल्पसंख्यांनी त्यांच्या हिताचा निर्णय घेतला पाहिजे. जॅक्सन आणि बूडिनॉट दोघेही ‘हे टळणार नाही’ असेच म्हणतात; पण दोघांना एका मापाने मोजणे मला अन्याय्य वाटते. एकाला त्या वाक्यातून दुसऱ्याची भूमी मिळावयाची होती; दुसऱ्याने त्या वाक्यासाठी स्वतःची भूमी, लोकांचा स्नेह आणि अखेर प्राणही दिले. असे असूनही त्याची चूक मला चूकच वाटते. बुडत्या लोकांच्या वतीने दैव वाचण्याचा अधिकार त्यांच्यातल्याच सर्वांत शहाण्यालाही नसतो. रॉस यांची बुद्धी बूडिनॉटइतकी चपळ नसेल, परंतु पंधरा हजार लोकांना तेथेच राहावयाचे आहे एवढे त्यांना कळत होते आणि तेवढेच ते सांगत राहिले.

मात्र रॉस यांच्या बाजूचे हे चित्र निर्मळ नाही, आणि ते तसे रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८२७ च्या त्या घटनेने आफ्रिकी वंशाच्या लोकांना राज्यकारभारातून वगळले होते. रॉस स्वतः गुलामांचे मालक होते, तसेच बूडिनॉटच्या पक्षाचे पुढारीही होते, आणि १८३८ साली जेव्हा सर्वांना हाकलले गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे गुलामही चालत होते. त्या गुलामांच्या बाबतीत ‘ही व्यवस्था ईश्वरानेच लावून दिली आहे’ हे वाक्य उच्चारणारे चेरोकींमध्येही असणारच. कोणाची पायरी कोणती हे जन्माआधीच ठरले आहे, या शिकवणुकीशी ज्याने आमच्या प्रांतात झुंज घेतली त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या जनतेला, तिने गुलामांना मुक्त केले म्हणून, अर्पण केला. जे सनातन आणि ईश्वरनिर्मित म्हणून दोन शतके सांगितले गेले ते माणसांनी ठरविल्यावर संपले, हे त्यांनी पुण्यात बसून ओळखले. याच जनतेने चेरोकींच्या बाबतीत मात्र तसे ठरविले नव्हते.

१८३८ च्या उन्हाळ्यात जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या सुमारे सात हजार सैनिकांनी घराघरांतून माणसे काढून लाकडी कुंपणांत कोंडली. त्या उन्हाळ्यापासून पुढील हिवाळ्यापर्यंत सुमारे सोळा हजारांचा समुदाय मिसिसिपीपलीकडे नेला गेला. त्यांतील सुमारे चार हजार कुंपणांत किंवा वाटेत मेले असा सामान्यतः मान्य झालेला अंदाज आहे. इव्हान जोन्स हा बाप्टिस्ट मिशनरी आणि जेसी बुशीहेड हा चेरोकी उपदेशक यांनी त्या कुंपणांत प्रार्थना चालविल्या, लोकांना बाप्तिस्मा दिला, आणि मग दोघेही त्यांच्याबरोबर चालत गेले. तुरुंगातून सुटलेला बटलरही त्या प्रवासात होता. त्यांच्यापैकी कोणीही हे ईश्वराने घडविले असे म्हटले असेल तर ते मला आक्षेपार्ह वाटत नाही, कारण ते चालता चालता म्हटलेले होते आणि त्यातून त्यांना काहीही मिळावयाचे नव्हते. तेच वाक्य पिंपाशेजारी उभ्या असलेल्या माणसाने उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो. आणि हा भेद कोणत्याही धर्मशास्त्रात लिहिलेला नसला तरी मला तो प्रमाण वाटतो.

नव्या मुलखात पोहोचल्यावर १८३९ च्या जूनमध्ये काही चेरोकींनी पार्क हिल येथे, वूस्टरच्या तेथील घरापासून जवळच, बूडिनॉटला ठार केले. परवानगीवाचून राष्ट्राची भूमी देणाऱ्यास देहान्त हा त्यांचा कायदा होता आणि तह करणाऱ्यांपैकी कित्येकांना तो ठाऊक होता. वूस्टर तेथेच राहिला. बूडिनॉट आणि तो मिळून बायबलचे जे भाषांतर करीत होते ते त्याने १८५९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इतरांच्या साहाय्याने चालू ठेवले. चेरोकींच्या दोन पक्षांतील रक्तपात सात वर्षे चालला. १८४६ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या तहात त्यांनी एकमेकांना सर्व अपराधांची माफी दिली, आणि जॉर्जियाच्या शिपायांनी १८३५ साली उचलून नेलेल्या ‘चेरोकी फिनिक्स’च्या छापखान्याची भरपाई देण्याचे सरकारने कबूल केले.